कॉल सेंटरमधून नेटवर्किंगमध्ये येताय? रीस्टार्टची सवय तिथेच सोडून या

नेमके प्रश्न विचारणं, टिकेट लिहिणं, रात्रपाळी, चिडलेल्या माणसापुढे डोकं थंड ठेवणं हे सपोर्टवाल्यांना आधीच जमतं. नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या विभागात) नव्याने येणाऱ्या इंजिनिअर मंडळींची तिथेच तारांबळ उडते. त्यामुळे आपण मागे आहोत ही भीती काढून टाका. पण 'आधी रीस्टार्ट करून बघू' ही सवय घेऊन आलात तर फार महागात पडेल.

कॉलवर ते ठीक असतं. घरातला एक राऊटर, डोक्यावर हँडल टाइम, आणि बंद-चालू केलं की बहुतेकदा भागतं. ऑफिसच्या स्विचवर (अनेक यंत्रं केबलने एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) मात्र फोन आणि ॲक्सेस पॉइंट डेटाच्याच केबलमधून वीज घेत असतात. रीलोड, म्हणजे स्विचचा रीस्टार्ट, दिला की सगळे एकदम आडवे. तेही एक वेळ चालेल. पण बफरमधले (स्विचच्या तात्पुरत्या मेमरीतले) लॉग जातात, इंटरफेसवरचे एररचे आकडे शून्यावर येतात आणि कुणी सेव्ह न केलेला बदलही उडतो. पुरावाच पुसला जातो.

डुप्लेक्सचा, म्हणजे केबलवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी (फुल) की आळीपाळीने (हाफ) बोलायचं याचा, घोळ बघा. एका टोकाला 100 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स हाताने बसवलेलं; दुसरं टोक ऑटोवर. ऑटोला समोरचा वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ते हाफवर जातं. पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का याची चाचणी) चालतो, मेल उघडतं, मोठी फाइल मात्र रखडते. हाफच्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि फुलच्या टोकाला सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा) वाढत राहतात; 'शो इंटरफेसेस' दिलं की दोन्ही समोर दिसतं. त्याऐवजी रीलोड केलात तर? आकडे शून्य, पिंग छान, टिकेट बंद. लोड वाढला की तीच तक्रार परत, आणि दाखवायला हातात काही नाही. म्हणून आधी 'शो लॉगिंग', 'शो इंटरफेसेस', 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' यांचं आउटपुट टिकेटमध्ये चिकटवा. मगच हात लावा.

रीलोडचा एक उपयोग मात्र शिकून घ्याच. लांबच्या स्विचवर बदल करण्याआधी चालू कॉन्फिग सेव्ह करा आणि 'रीलोड इन 10' द्या. समजा ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन 30 (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं ठेवलेलं छोटं नेटवर्क) वाढवायचा होता आणि 'अलाउड व्हीलॅन'पुढे 'ॲड' लिहायचं राहिलं. जुनी यादी जाऊन एकटा 30 उरतो. मॅनेजमेंट व्हीलॅन (ज्यातून तुम्ही स्विचमध्ये शिरता तो) त्याच ट्रंकवरून येत असेल तर तुमचं सेशनही तुटतं. दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगसह उठतो. बदल नीट बसला, तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. कॅन्सल विसरू नका, नाहीतर सगळं सुरळीत असताना स्विच तुम्हीच पाडाल.

अभ्यासाला सिस्कोची सीसीएनए 200-301 ही परीक्षा पुरे. डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून पास होता येतं, पण मुलाखतीत 'मशीनला 169.254 चा पत्ता आलाय, काय बघाल?' एवढ्यावर पितळ उघडं पडतं. (डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, काही मिळालं नाही की मशीन हा पत्ता स्वतःच घेतं.) पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये) चालणारी लॅब मोडायला शिका: डीएचसीपी सर्व्हर व्हीलॅन 10 मध्ये, क्लायंट 20 मध्ये ठेवा, 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' (क्लायंटची मागणी दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारी ओळ) काढा आणि काय होतं ते पाहा. सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं) रोज कागदावर करा. /26 म्हटल्यावर 64 पत्ते, वापरायला 62, हे विचार न करता सुचलं पाहिजे. गुरू शोधण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्यांची जुनी टिकेटं वाचून जास्त शिकाल.

सीव्हीत 'ग्राहक हाताळणी' असं मोघम लिहू नका. 'पिंग आयपीवर जात होता, नावावर नाही. डीएनएसचा (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेचा) दोष ओळखून पुढे पाठवला' असं लिहा. नॉकच्या पहिल्या पायरीला अर्ज करायला सर्टिफिकेट हातात पडायची वाट बघू नका. सबनेटिंग, व्हीलॅन आणि डीएचसीपी पक्कं झालं की पाठवायला लागा.