पोहे, फायब्रोस्कॅन आणि मी: पीसीओएस-फॅटी लिव्हरच्या स्टडीत नवीन येणाऱ्यांसाठी

बी. फार्म झाल्यावर पुण्याला जायचं का इथंच काहीतरी बघायचं यात माझं एक वर्ष गेलं आणि शेवटी सांगलीतल्याच एका खासगी हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले. स्टडी पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या बायकांवर होती, त्यांच्यात फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं) किती जणींना आहे आणि लिव्हर कडक व्हायला लागलंय का ते बघायचं. आता ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, ताई या लाइनला यायचंय, काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. रॉटरडॅम क्रायटेरिया (पीसीओएस ठरवायचे निकष), जीसीपी (स्टडी नीट करायचे नियम), कन्सेंट (पेशंटची संमती) हे तुम्हाला माहीत आहे असं धरते.

पहिलं तेच सांगते ज्यात मी अडकले, कारण ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडं फायब्रोस्कॅनचं, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं, मशीन स्वतःचं नव्हतं. महिन्यातनं दोन दिवस बाहेरून यायचं, ऑपरेटरसकट. पेशंट सकाळी आठला उपाशीपोटी यायच्या, कारण फास्टिंग शुगर, इन्सुलिन, लिपिड सगळं त्यातच. जत, कवठेमहांकाळ, शिराळ्याहून येणारी बाई पहाटे चारला उठून पहिली एसटी धरून आलेली असते, रक्त काढून झालं की तिला गरगरायला लागतं, सोबतची म्हातारी म्हणते, "ताई, च्या तरी पिऊ द्या की पोरीला." मग मी कँटीनला सांगून सगळ्यांसाठी पोहे आणि चहा ठेवायला लागले. मशीन लागायचं दहाच्या पुढं. म्हणजे पोहे खाऊन पाऊण तासात बाई टेबलावर.

यात चूक काय ते सावकाश वाचा. माणूस जेवला की आतड्याकडनं पोर्टल व्हेनमधनं लिव्हरला जाणारं रक्त वाढतं. लिव्हरवर कॅप्सूल असते, ती काय फुग्यासारखी ताणत नाही, त्यामुळं आत रक्त जास्त आलं की लिव्हर थोड्या वेळासाठी ताठरतं. मशीन बरगड्यांमधनं एक हलका धक्का देतं, ती लाट लिव्हरमधनं किती वेगानं गेली ते मोजतं आणि किलोपास्कलमध्ये आकडा देतं. तो ताठरपणा फायब्रोसिसचा (लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक धागे तयार होण्याचा) का पोह्यांचा हे त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून किमान तीन तास पोटात काही नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही चूक रिपोर्टवर दिसत नाही. आपण काय बघतो, दहा व्हॅलिड रीडिंग आली का, आयक्यूआर भागिले मीडियन (रीडिंगमधली तफावत, मधल्या आकड्याच्या तुलनेत) ३० टक्क्यांच्या आत आहे का. पोहे खाल्लेल्या बाईची दहाच्या दहा रीडिंग सारखीच वाढलेली असतात, त्यामुळं आयक्यूआर एकदम छान येतो. रिपोर्ट स्वच्छ, आकडा चुकीचा. बरं, सगळ्यांचं सारखंच वाढलं असतं तर नंतर वजा तरी करता आलं असतं, पण ज्यांना आधीच फायब्रोसिस आहे त्यांचं जेवल्यावर जास्त वाढतं, त्यामुळं तेही नाही. आमची गफलत अशी की 'फास्टिंग' हा शब्द आम्ही रक्ताला जोडला आणि रक्त निघालं की फास्टिंग संपलं असं धरलं.

जतकडची एक पोरगी होती, चोवीस वर्षांची, सासूबरोबर आलेली. रीडिंग आलं ८.६. आठच्या वर गेलं की पुढं तपासायचं, त्यामुळं रिपोर्ट हातात देताना कुणीतरी तिला "लिव्हर जरा कडक झालंय" असं सांगून मोकळं झालं, तेही सासूसमोर. सासूनं माझ्याकडं बघून विचारलं, "म्हंजे आता पोर व्हायचं न्हाई का हिला?" मला उत्तर देता आलं नाही. पोरगी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ते अजून डोळ्यासमोर आहे.

नंतर मॉनिटर (स्टडीचे कागद तपासायला बाहेरून येणारा माणूस) व्हिजिटला आला, त्यानं सोर्स फाइल (पेशंटच्या मूळ नोंदी) उघडून एकच प्रश्न विचारला, शेवटचं खाणं किती वाजता? आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. तिथल्या एका सीनिअरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, लिहून टाक उपाशी होत्या म्हणून, सकाळपासनं उपाशीच होत्या की. त्या दिवशी मी ते लिहिलं असतं तर आज ही नोकरी करत नसते, किंवा करत असते आणि रात्री झोप लागली नसती. मी नाही लिहिलं. अकरा जणींचं प्रोटोकॉल डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीप्रमाणं झालं नाही अशी नोंद) गेलं, एथिक्स कमिटीला (स्टडीला मंजुरी देणारी समिती) कळवलं, सगळ्यांना परत बोलावलं. दोघी आल्या नाहीत. ती जतची पोरगी आली, उपाशीपोटी रीडिंग ५.२. मी तिला सगळं समजावून सांगितलं, की चूक आमची होती, तुझं लिव्हर ठीक आहे. तिनं रिपोर्टची घडी घातली, मुठीत धरली आणि सासूला बोलवायला बाहेर पळाली.

तर, बॅकडेट करून कधी काही भरू नका, 'तसंच असणार' म्हणून तर अजिबात नको. जे झालं ते झालं त्या वेळी, ज्यानं केलं त्याच्या सहीनं. चूक कळवली म्हणून मला कुणी काढलं नाही, उलट मॉनिटरनं शांतपणे ऐकून घेतलं. डेव्हिएशन प्रत्येक साइटवर होतात, घाबरू नका.

याच सापळ्याचं दुसरं तोंड म्हणजे ओजीटीटी. पीसीओएसच्या पेशंटला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात. त्या दोन तासांत मोकळी बसलीय म्हणून स्कॅन उरकून घेऊ असं कुणीतरी सुचवतंच. नको, ग्लुकोज म्हणजे पण खाणंच. आधी रक्त, मग स्कॅन, मग ग्लुकोज, नाहीतर वेगळा दिवस.

एफआयबी-४ (रक्ताच्या रिपोर्टवरनं काढायचा फायब्रोसिसचा स्कोअर) बद्दल पण बोलते. वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ); एएसटी, एएलटी ही लिव्हरची एन्झाइम. मोबाइलवर फुकट कॅल्क्युलेटर आहेत म्हणून सगळे हेच वापरतात. पण सूत्रात वय वरती बसलंय ते बघा. एएसटी ५०, एएलटी ६४, प्लेटलेट अडीच लाख (सूत्रात हजारात, म्हणजे २५०), वय २४ असेल तर उत्तर ०.६. तेच रिपोर्ट ५६ वर्षांच्या बाईचे असतील तर १.४, म्हणजे १.३ ची रेघ (त्याखाली 'लो' धरतात) ओलांडली. पस्तिशीच्या आतल्या पेशंटमध्ये या स्कोअरवर भरवसा ठेवता येत नाही, आणि आपल्या निम्म्याहून जास्त पोरी पस्तिशीच्या आतल्या. "स्कोअर लो आहे, म्हणजे काही नाही" असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो.

गोळ्यांचं विचारताना "काही औषध चालू आहे का" असं विचारून उपयोग नाही, उत्तर नाही असंच येतं. "केसांसाठी, नखांसाठी काही घेता का" विचारा. पीसीओएसमध्ये केस गळतात, मग मेडिकलमधनं बायोटिन (केसांसाठीचं व्हिटॅमिन) आणलेलं असतं, आणि ज्या लॅबच्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी वापरतात तिथं थायरॉइडचं टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे हार्मोनच्या स्टडीत हार्मोनच चुकीचं. काढे, गुळवेल यांचंही विचारा, त्यानं लिव्हरला त्रास होऊ शकतो म्हणून. पाळीच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनला अर्थ राहत नाही, बंद करून तीन महिने जावे लागतात, आणि ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही नाही.

हे बायोटिनचं मला शिकवलं लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी. माझं स्पष्ट मत आहे, मेंटॉर म्हणून मोठ्या नावांच्या मागं लागू नका. मोठे सर चांगले असतात पण त्यांना वेळ नसतो. जो माणूस रोज सँपल सेंट्रिफ्यूजला लावतो त्याच्याजवळ आठवडाभर उभे राहा. आणि हजारो रुपये भरून शंभर टक्के प्लेसमेंटवाला कोर्स करण्याआधी दहा वेळा विचार करा, जीसीपीचं ट्रेनिंग ऑनलाइन फुकटही मिळतं. सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदणी) जाऊन आपल्या विषयाच्या स्टडी वाचा, तेही फुकट आहे. शोधताना एनएएफएलडी आणि एमएएसएलडी (फॅटी लिव्हरचं जुनं आणि नवं नाव) दोन्ही टाका, २०२३ मध्ये नाव बदललंय, एकच टाकलं तर अर्धं हाती लागत नाही.

मराठी कन्सेंट फॉर्म तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून बघा. आमच्यात 'यकृताची ताठरता' असं होतं, एकीलाही कळलं नाही. 'लिव्हर' सगळ्यांना कळतं. पण फॉर्म मनानं बदलायचा नाही, बदल कमिटीकडनं पास करून घ्यायचा.

पगार सुरुवातीला कमी आहे, खोटं कशाला सांगू. घरचे विचारतात, हे नेमकं कसलं काम. पण मिरज-सांगलीत पेशंट इतके आहेत की इथं जे बघायला मिळतं त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, आणि पहिले सहा महिने सगळ्यांचेच गोंधळात जातात.

पोहे मी अजून देते, फक्त स्कॅन झाल्यावर. लांबून येणारीला आदल्या दिवशी फोन करून सांगते की डबा आणा पण मी सांगेपर्यंत उघडू नका, पाणी थोडंफार चालेल. फॉर्मवर आता 'शेवटचं खाणं: काय, किती वाजता' असा रकाना आहे आणि तो ऑपरेटर स्वतः विचारून भरतो, मी नाही. मशीन अकरापर्यंत आलं नाही तर बाईला जेवू घालायचं आणि स्कॅन त्या दिवशी करायचाच नाही. पुढच्या तारखेला बोलवायचं, तिचं आणि सोबतच्या माणसाचं एसटीचं भाडं द्यायचं, पण ही जादा खेपेची तरतूद एथिक्स कमिटीला प्रपोजल देतानाच बजेटमध्ये लिहा, नंतर त्यासाठी अमेंडमेंट करत बसावं लागतं.