जमा, जप्त, सरकारजमा: बंदूक ठाण्यात गेल्यावर या चुका टाळा

"आमची बंदूक पोलिसांनी जप्त केली हो." दक्षिण कोकणातल्या एका ठाण्यात मी मुद्देमाल कारकून होतो, तेव्हा हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर यायचं. निवृत्त झालो तरी येतंच, फक्त आता ते लोक घरी येतात. माझा प्रश्न तेव्हाही एकच होता आणि आजही तोच आहे. पावती आणलीत? पावती बघितली की बऱ्याचदा कळतं, जप्त वगैरे काही झालेलं नाही. बंदूक नुसती जमा आहे. आणि "जप्त झाली" असं घरादाराने मनाशी धरल्यामुळे ती सरकारजमा व्हायच्या वाटेवर आहे.

तीन शब्द आहेत, ते आधी नीट समजून घ्या.

परवान्याची मुदत संपली, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, किंवा हत्यार बाळगायला कायद्यानेच तुम्हाला बंदी आली, तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे तुम्ही स्वतः विनाविलंब हत्यार नेऊन द्यायचं. ही जमा. मालकी तुमचीच राहते. गुन्ह्यात पंचनामा करून पोलिसांनी उचललं ते जप्त. तो पुरावा, त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवणार. आणि सरकारजमा म्हणजे मालकीच संपली. तो हुकूम आरोपीला शिक्षा देताना कोर्ट कलम ३२ खाली करतं, नाहीतर जमा हत्यार मुदतीत कोणी सोडवलं नाही म्हणून जिल्हादंडाधिकारी करतात. पोलीस करत नाहीत. ठाण्याच्या पायरीवर उभं राहून हवालदाराशी भांडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बंदी कोणाला येते? कलम ९ बघा. एकवीस वर्षांखालचे, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले (शिक्षा संपल्यावर पुढची पाच वर्षं), आणि शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र द्यायचा हुकूम झालेले, बंधपत्राची मुदत संपेपर्यंत. हा शेवटचा प्रकार गावाकडे फार. बांधावरून वाजलं, चॅप्टर केस (भांडण वाढू नये म्हणूनची प्रतिबंधक कारवाई) झाली, बंधपत्र लिहून दिलं. आपण आता बंदूक ठेवू शकत नाही हे त्या माणसाच्या गावीही नसतं.

असेच एक तात्या होते. काजूच्या बागेत डुक्कर शिरतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळी बंदूक घेतलेली. चुलतभावाशी सामायिक वाटेवरून झटापट झाली आणि दोघांकडून एक वर्षाचं बंधपत्र घेतलं गेलं. परवाना तेवढ्या काळापुरता निलंबित. तात्या शहाणे, बोलावण्याची वाट न बघता बंदूक आणि चौदा काडतुसं घेऊन आले. पावती मीच फाडली. वर्ष संपलं. मी त्यांना बाजारात गाठून सांगितलं, "तात्या, अर्ज करा, निलंबन संपलंय, बंदूक घेऊन जा." ते म्हणाले, "बघू, शिमगो होऊं दे." शिमगा झाला, आंबे उतरले, पाऊस आला. दरम्यान परवान्याचीच मुदत संपली. बंदूक ठाण्यात आहे तर नूतनीकरण कशाला, असा त्यांचा हिशोब. आणि एका पावसाळ्यात तात्या गेले.

दोन मुलगे, दोघेही चाकरमानी. घरी काकू. "सरकारान नेली ती, आता खंय गावतली," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. पुढे जिल्हादंडाधिकाऱ्यांची नोटीस आली. हत्यार सरकारजमा का करू नये याचं कारण तीस दिवसांत दाखवा. काकूंनी सही करून ती घेतली आणि गणपतीत पोरं येतील तेव्हा दाखवू म्हणून देवघरातल्या तसबिरीमागे ठेवली. थोरला आला तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी. नोटिशीला तेव्हा अडीच महिने झाले होते, हुकूमही निघाला होता. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "काका, बंदूक नको, पण विकून पैसे तरी मिळाले असते ना?" मिळाले असते. कलम २१ मध्ये तेच लिहिलंय. जमा केलेलं हत्यार परवानेदाराला, तो गेला असेल तर त्याच्या वारसाला, मुदतीच्या आत परत घेता येतं. ठेवायचं नसेल तर परवाना असलेल्या माणसाला किंवा शस्त्रविक्रेत्याला विकून पैसे घेता येतात. निलंबन चालू असेपर्यंत तर सरकारजमा करताही येत नाही. एवढ्या सवलती देणारा कायदा मी दुसरा पाहिला नाही. पण अर्ज कोणी करायचा? सरकारजमा झालेली वस्तू सरकार पुढेही परत देऊ शकतं अशी एक तरतूद आहे. थोरल्याने त्या आधाराने अर्ज दिला. माझ्या निवृत्तीपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.

तेव्हा, जमा पावतीच्या तीन झेरॉक्स. एक परवान्याच्या पुस्तकात, एक कपाटात, एक मुंबईच्या पोराकडे. ही माझी पद्धत, कायद्यात कुठे नाही. पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर, काडतुसांची संख्या आणि "जमा" हा शब्द आहे का बघा. आणि हत्यार ठाण्यात असलं तरी परवान्याचं नूतनीकरण सोडू नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झालाय, आधी तीनचा होता. पाच वर्षं म्हणजे विसरायला भरपूर वेळ.

वारसांनी आणखी एक करावं. वडील हयात असतानाच बोलून घ्यावं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानेदार सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो आपल्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. मेल्यावर चार भावंडांची संमतीपत्रं गोळा करण्यापेक्षा हे किती सोपं. पण जिवंत माणसासमोर हा विषय काढायला आपल्याकडे लाज वाटते.

आता थोडक्यात आटोपतो.

"ती चालतच नाही, तिला परवाना कशाला?" जुनाट किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण दुरुस्ती करूनही ते चालू शकणार नसेल तरच. चाप तुटलेली बंदूक लोहार तासाभरात चालू करतो.

परवाना रद्द झाला म्हणून बंदूक मेव्हण्याकडे ठेवू नका. आता दोन गुन्हे होतील, एक तुमच्यावर, एक मेव्हण्यावर. विनापरवाना साध्या बंदुकीलाही आता किमान दोन वर्षं कैद आहे.

घरात एका परवान्यावर तीन हत्यारं असतील तर डिसेंबर २०१९ पासून कायदा दोनच ठेवू देतो. तिसरं जमा करायला एक वर्ष दिलं होतं. ते कधीच सरलं.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक जप्त नव्हे. छाननी समिती ज्यांची नावं काढते त्यांनीच द्यायची असते, आणि निकाल लागल्यावर घेऊन जायची असते. लोक नेत नाहीत. डुक्कर मात्र येतात.

परवाना रद्द केल्याचा हुकूम आला तर वरती अपील आहे. आमच्याकडे ते विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरला कोकण भवनात. हुकूम मिळाला ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा, मग वकिलाकडे जा. आधी आमदाराकडे जाणाऱ्यांची मुदत आमदाराच्या ओट्यावरच संपते.

आणि निर्दोष सुटलो म्हणजे सगळं परत मिळालं, असं धरू नका. बंदुकीचा हुकूम कोर्टाचा, परवान्याचा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. दोन वेगळी दारं आहेत. एक उघडलं म्हणून दुसरं आपोआप उघडत नाही. निकालपत्र हातात आलं की शेवटचा परिच्छेद वाचा, मुद्देमालाचं काय करायचं ते तिथे असतं. "मुद्देमाल जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे विल्हेवाटीसाठी पाठवावा" असं असेल आणि तुम्हाला बंदूक हवी असेल, तर अपिलाची मुदत संपायच्या आत हालचाल करायची. पेढे नंतर.

आता आमच्याच खात्यातल्या नव्या पोरांसाठी. मुद्देमाल कक्षात बदली झाली की तोंड वाकडं करतात, शिक्षेची जागा समजतात. मग काम उरकतात.

एकदा शिकारीच्या गुन्ह्यातली ठासणीची बंदूक आली. नळी गंजलेली, घोडा ढिला, निपलवर (नळीच्या मागच्या टोकाची छोटी तोटी) बार पेटवणारी टोपी नाही. भरती होऊन दोन वर्षं झालेल्या पोराने लेबलावर लिहिलं, "रिकामी". विचारलं तर म्हणे, "टोपी नाही ना साहेब." बंदूक मांडणीवर आडवी, तोंड आम्ही चहा प्यायचो त्या टेबलाकडे. मी रजेवरून आलो तेव्हा तिला तिथे चार महिने झाले होते. काडतुसी बंदूक मधून उघडली की आतलं दिसतं. ठासणीची बाहेरून बघून कधीच कळत नाही, म्हणून माझी एक सवय होती. तोंडासमोर न उभं राहता गज नळीत तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडाशी चिमटीत धरायचा, बाहेर काढून तिथेच चिमूट ठेवून नळीच्या बाजूने लावायचा. टोक निपलपाशी पोचलं तर नळी रिकामी. त्या दिवशी टोक निपलपासून वीतभर अलीकडेच थांबलं. मुख्यालयातून आरमोरर (खात्याचा हत्यारांचा कारागीर) आला, त्याने बार उतरवला. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) बोळा, छरे, पुन्हा बोळा, आणि खाली दारू. कोरडी, काळी, चांगली मूठभर. पोरगा त्यानंतर आठवडाभर त्या टेबलावर बसला नाही. बार स्वतः उपसायला जाऊ नका, आरमोररला बोलवा. चार दिवस थांबलात तर कोणी फासावर देत नाही.

हल्ली नवीन चूक निघाली आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. उत्तम झालं. पण मोबाइलवर व्हिडिओ आहे म्हणून लाखेचं सील ढिसाळ, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी नंतर, आणि सीलचा नमुना कुठेच नाही. कोर्टात हत्यार उघडताना बचावाचा वकील व्हिडिओ बघत नाही, आधी लाख बघतो. प्रयोगशाळेत पाठवायच्या हत्याराला तेल लावून चकाचक करणारे महाभागही मी पाहिलेत. नळीत काय होतं ते बघायलाच तर पाठवतोय!

तेलावरून आठवलं. परवानेदारांनो, नुसतं जमाच करायचं असेल तर मी पोलीस असून सांगतो, शस्त्रविक्रेत्याकडे करा. कायदा परवानगी देतो. भाडं पडतं, पण तो हत्यार पुसतो. ठाण्यातल्या खोलीत कोकणातले चार पावसाळे काढले की दुनळी उघडताना दोघे लागतात. आणि देण्याआधी खोबरेल चोपडू नका, वर्षभरात त्याचा डिंक होतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नंबरांनी. हत्यारावर नंबर इंग्रजी आकड्यांत कोरलेला असतो, पंचनामा आणि लेबल मराठीत. घाईत लिहिलेला मराठी एक हा इंग्रजी नऊ दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठ. पंचनाम्यात एक, लेबलवर नऊ, प्रयोगशाळेच्या अहवालात पुन्हा एक. आरोपी सुटायला एवढं पुरतं. मी आकड्यांखाली नंबर अक्षरी लिहायचो, एक-एक आकडा सुटा. सोबतचे हसायचे, तलाठी म्हणायचे मला.

निकाली गुन्ह्यांतली हत्यारं नष्ट करायचा हुकूम यायचा तेव्हा मुख्यालयाच्या मागच्या आवारात काम चालायचं. पोलिसांच्या उपयोगाची असतील ती आधी बाजूला निघत, बाकीच्यांच्या नळ्या गॅस कटरखाली. गावठी कट्टे पहिल्या फटक्यात दुभंगायचे, जुन्या विलायती नळ्या वेळ घ्यायच्या. जळक्या तेलाचा वास दोन दिवस कपड्यांना. एका वर्षी माझ्या यादीत सव्वीस हत्यारं होती. कटरपाशी उभं राहून प्रत्येकाचा नंबर मी मोठ्याने वाचत होतो आणि समितीतले साहेब यादीवर खूण करत होते. एकोणिसावी एकनळी हातात घेतली तर यादीत शेवटचा आकडा चार आणि नळीवर कोरलेला आठ. साहेब म्हणाले, "अहो, लिहिताना चुकलं असेल, कापा." मी लेबल उलटलं. माझ्या आधीच्या कारकुनाचं अक्षर, अक्षरी काही नाही. बंदूक बाजूला ठेवून ठाण्यात परतलो, रजिस्टर काढलं. नष्ट करायची ती दुसरीच होती, मागच्या मांडणीवर. हातात होती तिच्या गुन्ह्यातलं अपील अजून उच्च न्यायालयात पडून होतं.