ईएसपी३२ वर स्वतःची ब्लूटूथ सर्व्हिस, यूयूआयडी बनवण्यापासून फोनवर दिसेपर्यंत

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते फोनवर बघायचंय असं धरून चालू. बोर्ड ईएसपी३२, भाषा सी आणि स्टॅक (ब्लूटूथचं सगळं बोलणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) निंबल, जो ईएसपी-आयडीएफ या बोर्डच्या डेव्हलपमेंट किटमध्ये येतोच. सर्व्हिस म्हणजे बोर्ड फोनला देऊ करतो तो माहितीचा एक गट. हार्ट रेट, बॅटरी असल्या नेहमीच्या सर्व्हिसना ब्लूटूथ एसआयजीने (ब्लूटूथचे नियम ठरवणारी संस्था) १६ बिटांचे छोटे नंबर देऊन ठेवलेत, हार्ट रेटचा १८०डी, बॅटरीचा १८०एफ. आपल्या टाकीसाठी तसला तयार नंबर नाही, आणि म्हणून एखादा रिकामा दिसतोय म्हणून उचलायचाही नाही, ते एसआयजी वाटते आणि कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. आपण १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाचा नसलेला ओळख नंबर घ्यायचा, फुकट आहे आणि कुणाला विचारायलाही लागत नाही.

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर यूयूआयडीजेन कमांड मारा, नंबर मिळेल. मनाने आकडे रचू नका आणि ट्युटोरियलमधला तर अजिबात कॉपी करू नका, रँडम यूयूआयडीत १२२ बिट खरंच रँडम असतात म्हणून तो दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, कॉपी केला की तो फायदाच गेला ना.

आता जिथे सगळे अडकतात ती गोष्ट. समजा नंबर आला ५९४६२१७२-६०१४-४५८३-९१२७-३०८२५१७४६०९३. निंबलच्या बीएलई यूयूआयडी१२८ इनिट मॅक्रोला (बीएलई म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ) हे बाइट उलटे लागतात, शेवटचा आधी. म्हणजे लिहायचं ९३, ६०, ७४, ५१, ८२, ३०, २७, ९१, ८३, ४५, १४, ६०, ७२, २१, ४६, ५९, प्रत्येकाच्या आधी हेक्सचं शून्य-एक्स. जोड्या उलट्या क्रमाने घ्यायच्या, जोडीच्या आतले आकडे नाहीत, ९३ चं ३९ करायचं नाही. सरळ क्रमाने लिहिलंत तरी कंपायलर चूं करत नाही, सर्व्हिस रजिस्टरही होते, फक्त फोनवर भलताच नंबर दिसतो आणि तुमचं अॅप शोधत बसतं.

कॅरॅक्टरिस्टिकला, म्हणजे प्रत्यक्ष पातळीचा आकडा जिथे राहणार त्याला, वेगळा यूयूआयडी लागतो. पद्धत अशी की सर्व्हिसचाच घेऊन एक बाइट वाढवायचा, वरच्या उलट्या यादीतला तेरावा ७२ आहे त्याचं ७३ करा, झालं. लॉगमध्ये बघताना दोन्ही एकाच घरातले आहेत हे लगेच कळतं.

मग टेबल, म्हणजे निंबलला द्यायची सर्व्हिस आणि कॅरॅक्टरिस्टिकची यादी. बीएलई गॅट एसव्हीसी डेफ या स्ट्रक्टची अ‍ॅरे (नावं मी तोडून लिहितोय, कोडमध्ये मधे अंडरस्कोर), त्यात टाइप प्रायमरी, यूयूआयडीचा पॉइंटर आणि कॅरॅक्टरिस्टिकची आतली अ‍ॅरे, तिच्यात यूयूआयडी, कॉलबॅक (फोनने वाचायला मागितलं की निंबल बोलावतो ते तुमचं फंक्शन), रीड आणि नोटिफायचे फ्लॅग (नोटिफाय म्हणजे बोर्डने आपणहून फोनला कळवणं), आणि व्हॅल हँडलसाठी, म्हणजे निंबल त्या व्हॅल्यूला देतो त्या नंबरसाठी, एका व्हेरिएबलचा पत्ता. दोन्ही अ‍ॅरेंच्या शेवटी शून्याने भरलेली एक रिकामी नोंद हवीच, स्टॅकला यादी कुठे संपली ते तिच्यावरूनच कळतं, नसेल तर तो पुढची मेमरी वाचत सुटतो. आणि हे टेबल फंक्शनच्या बाहेर, स्टॅटिक ठेवा. निंबल त्याची कॉपी करत नाही, नुसता पॉइंटर धरून ठेवतो, लोकल अ‍ॅरे दिलीत तर फंक्शन संपल्यावर त्या पत्त्यावर कचरा असतो.

कॉलबॅक नोटिफायवाल्यालाही द्यावा लागतो, नल ठेवला तर रजिस्ट्रेशन एरर ३ देऊन परत येतं. त्यात रीड आलं की ओएस एमबफ अपेंड या फंक्शनने उत्तरात व्हॅल्यू टाकायची आणि शून्य परत द्यायचं, एवढंच. फोनने नोटिफाय चालू-बंद करायचा २९०२ डिस्क्रिप्टर (कॅरॅक्टरिस्टिकला जोडलेली छोटी नोंद) निंबल स्वतः लावतो, तुम्ही परत लावू नका.

क्रम असा: एनव्हीएस फ्लॅश (बोर्डची सेटिंग साठवायची जागा) इनिट, निंबल पोर्ट इनिट, गॅप आणि गॅट या दोन तयार सर्व्हिसचे इनिट, मग आपलं टेबल आधी गॅट्स काउंट सीएफजीला, नंतर गॅट्स अ‍ॅड एसव्हीसीएसला. पहिलं जागा मोजतं, दुसरं रांगेत लावतं, खरी नोंदणी होस्ट, म्हणजे निंबलचा मुख्य भाग, सुरू होताना होते, म्हणून होस्टचा टास्क सगळ्यात शेवटी. दोन्हींची रिटर्न व्हॅल्यू तपासा प्लीज, शून्य नसेल तर तिथेच थांबा.

अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्ये, म्हणजे बोर्ड आपण इथे आहोत असं सांगत सोडतो त्या पॅकेटमध्ये, जागेची मारामारी आहे. पॅकेट ३१ बाइटचं, फ्लॅगचे ३ गेले, १२८ बिटांचा यूयूआयडी लांबी आणि टाइप धरून १८ खातो, उरले १०, त्यातही २ हेडरचे, म्हणजे नावाला फक्त ८ अक्षरं. मोठं नाव हवं असेल तर ते स्कॅन रिस्पॉन्समध्ये (फोनने विचारल्यावर जाणारं दुसरं पॅकेट) टाका, तिथे वेगळे ३१ मिळतात. सगळं एकाच पॅकेटमध्ये कोंबलं तर एरर ४ येतो.

चेक करायला फोनवर एनआरएफ कनेक्ट अ‍ॅप घ्या, त्यात आसपासची ब्लूटूथ डिव्हाइस आणि त्यांच्या सर्व्हिस दिसतात. टेबल बदलून परत फ्लॅश केलंत आणि फोनवर जुनीच यादी दिसतेय तर कोड लगेच उकरू नका, फोन यादी साठवून ठेवतो, ब्लूटूथ बंद-चालू करा, पेअर केलेलं असेल तर पेअरिंग काढून परत जोडा.