हुरडा खायला रानात जाताय? आधी कणीस बघायला शिका

संक्रांत जवळ आली की सोलापुरात सगळ्यांचं एकच सुरू होतं, हुरड्याला कुठं जायचं. माझं ऐकाल तर ओळखीतल्या कुणाच्या तरी रानात जा. आमचे मामा मंगळवेढ्याकडचे, सोलापूरपासून साधारण 55 किमी, तिथली काळी जमीन बघितली की कळतं ज्वारीचं कोठार का म्हणतात ते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि मग बहुतेक सगळं पीक जमिनीतल्या ओलीवर येतं. 2016 ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय.

आधी फोन करून विचारा, "मामा, कणसं चिकात आलीत का?" ते म्हणतील तेव्हाच निघा, रविवार बघून नाही. हुरड्याचे दिवस थोडेच असतात, एका रानातला आठवडाभरात निबर होतो. भाकरीची आपली मालदांडी (तिचा 35-1 हा वाण आपल्या मोहोळच्याच ज्वारी संशोधन केंद्रावर निवडलेला बरं का) हुरड्याला चालते, पण कडेला दोन-चार ओळी गूळभेंडीच्या, म्हणजे खास हुरड्याच्या ज्वारीच्या, असतील तर आधी तिकडं वळा, दाणा गोड आणि बोंडातून पटकन सुटतो.

आता कणीस कसं ओळखायचं. दाणा नखानं दाबा, पातळ दूध उडालं तर कच्चा, चार-पाच दिवस थांबा. नख रुततच नसेल तर गेला, त्याची आता भाकरीच. दाणा हिरवा, मऊ आणि आतून घट्टसर चीक आला की तोच हुरडा. आणि एकदम पोतंभर कणसं तोडू नका, लागतील तशी आणा, तोडून ठेवली की गोडी कमी होते.

आगटीसाठी हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या. इथंच सगळे घाई करतात. जाळ असताना कणीस घातलं की बाहेरून करपतं आत कच्चं राहतं, म्हणून जाळ पूर्ण बसू द्या, लाल आर (निखारा) झाला की कणसं दांड्याला धरून त्यात खुपसा आणि फिरवत रहा, दोन-तीन मिनिटांत खरपूस वास येतो, तोच सिग्नल. काढलं की राख झटका आणि गरम असतानाच चोळा, गार झालं की दाणा सुटत नाही. हात भाजतात म्हणून पोत्याचा तुकडा घ्या, बाकी सुपात पाखडून लगेच खायचं, डब्यात भरून घरी न्यायचं नाही, गार हुरडा चिवट लागतो.

सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी, दही, गूळ, बोरं. वर ताक प्या, पाणी नको असं म्हातारी माणसं सांगतात, मी तरी ऐकतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, पैसे विचारून द्या. मामांनी पहाटेपासून गोफण घेऊन पाखरं राखलेली असतात आणि आपण तोडलेलं प्रत्येक कणीस म्हणजे त्यांच्या घरची भाकर असते. ते नकोच म्हणतील. मग निघताना मामींच्या हातात द्या, आणि तोडलेल्या कणसांची धाटं कापून बैलांपुढं टाकायला हात लावा.