गाडीतला जुना डबा टीव्ही काढून फ्लॅट टीव्ही बसवताना

सौंदत्तीच्या जत्रेला, नाहीतर कोकणात जायला टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करून घेतलेली असेल आणि तीत अजून डबा टीव्ही असेल, तर तो बदलाच. चौदा इंची डब्याचं वजन दहा किलोच्या आसपास; चोवीस इंची एलईडीचं तीन-चार किलो.

दुकानात आधी इंच नको, अडॅप्टर बघा. त्यावर ‘आउटपुट १२ व्होल्ट डीसी’ असं असेल, तर टीव्ही गाडीच्या बॅटरीवर चालवता येतो. पण थेट जोडू नका. इंजिन चालू असताना १२ व्होल्टची बॅटरी १४ च्या वर जाते, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर हवाच आणि फ्यूज बॅटरीजवळ. मोठ्या बसमध्ये तर २४ व्होल्ट असतात. अडॅप्टर १९ व्होल्टचा असेल तर त्या मापाचा कन्व्हर्टर घ्या. ३० वॅटचा टीव्ही १२ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे बॅटरीवर फार भार नाही.

टीव्हीच्या मागची भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असतात; ब्रॅकेट त्याच मापाचा घ्या. तो नुसत्या प्लायवूडवर ठोकू नका, मागे लोखंडी पट्टी द्या. चोर्ला घाटात साधे नट सैल होतात, आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट टिकतात. फिरणारा हात असेल तर चालत्या गाडीत तो लॉक होतो का, हे हलवून बघा. जुन्या कोनाड्यात बसवत असाल तर मागे हवा खेळू द्या.

डबा मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जबर व्होल्टेज राहतं, काचेत शिसं असतं. भंगारात फोडायला देण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.