दात दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजरासाठी जेवणाची तयारी

ताटलीचा आवाज झाला की आमची मनी अजूनही सगळ्यांच्या आधी हजर असते. गेल्या वर्षी मात्र ती यायची, हुंगायची, एक दाणा उचलायची, मान तिरकी करून तो टाकून द्यायची आणि ताटलीकडे नुसती बघत बसायची. आई म्हणाली, "नखरे वाढलेत म्हातारीचे." नखरे कसले! मागच्या दोन दाढा हिरडीपाशी पोखरल्या होत्या. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे लाळ गळणं, तोंडाला वास येणं, अंग चाटायचं सोडून देणं, यातलं काहीही दिसलं तर तयारीला लागा.

पहिली तयारी स्वयंपाकघरातली नाहीच. मांजर जेवत असतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, कारण दवाखान्यात ते तोंड उघडणार नाही. दात काढायचे ठरले तर भूल द्यावी लागते आणि त्याआधी रक्त तपासतात. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा त्रास बराच आढळतो. तसं निघालं तर डॉक्टर सांगतील तेच खाणं, पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं बाद. दुखण्यावरचं औषधही त्यांच्याकडूनच घ्या. आपल्या डब्यातल्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

त्याच दिवशी वजन घ्या. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा असतो ना, त्याला पिंजरा अडकवायचा, मग रिकाम्या पिंजऱ्याचं वजन वजा करायचं. दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहा. 4 किलोच्या मांजराचे 400 ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही.

आता खाणं. ओल्या खाण्याचे पाऊच दोन-तीन चवींचे, प्रत्येकी दोनच आणा. अख्खा खोका आणलात की तिला ती चव आवडेनाशी होणार, हे ठरलेलं. पाकिटावर 'कम्प्लीट', म्हणजे पूर्ण आहार, असं लिहिलंय का बघा. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर तो नुसता खाऊ, त्यावर पोट भरू नका. रश्शातले तुकडे असतील तर ती रस्सा चाटून तुकडे तसेच ठेवते, म्हणून मिक्सरमधून काढायचे. त्यासाठी चटणीचं छोटं भांडं वापरू नका, वेगळंच ठेवा. आपल्या भांड्याच्या पात्याखाली कांदा-लसणाचा अंश राहतोच आणि मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. नेहमीचे कोरडे दाणेच हवे असतील तर कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा आणि अंगठ्याने दाबून बघा. मधे कण लागला तर अजून थांबा.

बिनहाडाची कोंबडी मीठ-मसाला न घालता उकडून, त्याच पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली की एका वेळी एकेक वडी काढता येते. पण रोज नुसती कोंबडी नको, मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य आणि कॅल्शियम त्यातून पुरेसं मिळत नाही. कलेजी चवीपुरती. आणि दूधभात? आमच्या आजीच्या सगळ्या मांजरांनी तो खाल्ला हे खरं, पण ती मांजरं दिवसभर उंदरांवर जगत होती. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

फ्रिजमधलं गार खाणं दातांना झोंबतं आणि त्याला वासही येत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बाळाच्या दुधासारखं मनगटावर थेंब टाकून बघा. मायक्रोवेव्हमध्ये कुठेतरी एक कोपरा चटका देणारा राहतो. खोलगट वाडग्याऐवजी बशी घ्या आणि ती पाटावर ठेवा, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. दिवसातून पाच वेळा, दोन-दोन चमचे. उन्हाळ्यात अर्ध्या तासाने उरलेलं उचलाच. मुंग्यांसाठी बशी पाणी घातलेल्या परातीत ठेवायची युक्ती मनीने एका पंजात उधळून लावली. आता आम्ही शेजारी बसून राहतो.

बिनसुईची 5 मिलीची सिरिंज घरात असू द्या, पण कशी वापरायची ते डॉक्टरांकडून हाताने शिकून या. ओठाच्या कडेने, सुळ्याच्या मागून, थेंबाथेंबाने. डोकं मागे वाकवायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. ती झटापट करत असेल तर सोडून द्या. जबरदस्ती झाली की त्या चवीचाच राग धरते.

फ्रिजवर एक चिठ्ठी लावा. त्यावर दवाखान्याचा नंबर, रात्रीचा वेगळा असेल तर तोही, आणि मोठ्या अक्षरांत: 24 तास काही खाल्लं नाही तर फोन. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, ते जिवावर बेततं. "उद्या खाईल" हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे.

दात काढल्यावरही हीच तयारी किमान दोन आठवडे चालू द्या. आणि हो, एक मऊ फडका लागेल. दुखत असताना ती तोंड धूत नाही, हनुवटीला खाणं वाळून चिकटतं. आमच्या दोरीवरचा पिवळा रुमाल मनीचा. पाहुण्यांनी त्याला हात पुसले की आई ओरडते.