लॅटिनो आरोग्य संशोधन केंद्रातील कर्मचाऱ्यांचे परिचय कसे वाचावेत

भारतात बीडीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस करून सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्याला बहुधा पहिल्या सत्रापासूनच संशोधन सहायकाची जागा शोधावी लागते, आणि कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा फ्लोरिडात हा शोध पुष्कळदा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, आरोग्यावर काम करणाऱ्या एखाद्या विद्यापीठीय केंद्रापाशी येतो. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के लोक हिस्पॅनिक वा लॅटिनो आहेत. त्यामुळे या विषयाला निधीही मिळतो आणि माणसेही लागतात. अर्ज करण्यापूर्वी केंद्राच्या संकेतस्थळावरील कर्मचाऱ्यांचे परिचय वाचावेत हे सगळेच सांगतात. ते कसे वाचावेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

वाचनाची सुरुवात यादीच्या तळापासून करावी. संचालकांचा परिचय सर्वांत लांब असतो, परंतु पुरस्कार आणि समित्यांच्या गर्दीत नवख्या अर्जदाराच्या उपयोगाचे त्यात फारसे सापडत नाही. केंद्राचे काम प्रत्यक्ष कसे चालते ते क्षेत्र समन्वयक, मुलाखतकार आणि प्रोमोतोरा यांच्या चार-पाच ओळींत दिसते. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतील, बहुतेकदा स्त्री असलेली आरोग्य कार्यकर्ती. आपल्याकडील आशा ताईंची आठवण यावी असे तिचे काम असते, मात्र ती एकाच सरकारी योजनेशी बांधलेली नसते. कुठे विद्यापीठ तिला पगार देते, कुठे दवाखाना, तर कुठे ती स्वयंसेविका असते. परिचयात तिचे नाव आणि अनुभव इतरांच्या बरोबरीने दिले आहेत की ‘समाज भागीदार’ अशा एका शब्दात तिला गुंडाळले आहे, एवढ्यावरून त्या केंद्राचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो.

त्यानंतर कर्मचाऱ्यांचा संबंध नेमक्या कोणत्या लॅटिनो समाजाशी आहे ते पाहावे. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथे २००८ ते २०११ या काळात १६,००० हून अधिक प्रौढांची नोंदणी केलेल्या ‘स्टडी ऑफ लॅटिनोज’ या मोठ्या अभ्यासाने क्यूबन, डॉमिनिकन, मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, मध्य अमेरिकी आणि दक्षिण अमेरिकी असे गट वेगवेगळे तपासले, ते उगाच नव्हे. प्वेर्तो रिकोत जन्मलेली व्यक्ती जन्मतःच अमेरिकी नागरिक असते, तर कागदपत्रांविना राहणाऱ्या ग्वातेमालाच्या मजुराला बहुतेक सरकारी आरोग्य विम्याचे दारच बंद असते. दोघांसाठी एकच प्रश्नावली पुरत नाही. भाषेचेही तसेच आहे. मेक्सिकोतील ओआहाकाहून कॅलिफोर्नियाच्या शेतांत आलेल्या अनेक मजुरांची मातृभाषा स्पॅनिश नसून मिश्तेको, त्रिकी किंवा सापोतेको असते, म्हणून परिचयातील ‘द्विभाषिक’ या शब्दावर थांबू नये, कोणत्या दोन भाषा ते शोधावे.

समजा, एका समन्वयकाच्या परिचयात एवढेच लिहिले आहे: ‘सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर कुटुंबात वाढल्या, मिश्तेकोभाषक मातांच्या मुलाखती, अभ्यासातील कुटुंबांशी दीर्घकालीन संपर्क.’ यातील शेवटचा तुकडा सर्वांत वजनदार आहे. कॅलिफोर्नियातील त्याच खोऱ्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या चामाकोस अभ्यासात कीटकनाशकांचे परिणाम तपासण्यासाठी गरोदर स्त्रियांपासून सुरुवात झाली आणि त्यांच्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेण्यात आला. घर बदलणाऱ्या, हंगामानुसार फिरणाऱ्या कुटुंबांना इतकी वर्षे अभ्यासात टिकवून धरणे संख्याशास्त्राच्या पदवीने साधत नाही. त्यासाठी फोन उचलला जाईल असा ओळखीचा आवाज लागतो.

या विश्वासाला इतिहासाची किनार आहे. १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या चाचण्या प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर झाल्या, तर लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांनी प्रसूतीच्या वेळी दबावाखाली, पुरते न समजावता आपली नसबंदी केली गेल्याचा दावा न्यायालयात मांडला आणि १९७८ मध्ये त्या तो हरल्या. संमतिपत्र, नैतिकता समिती किंवा समाज सल्लागार मंडळ यांच्याशी संबंधित अनुभव परिचयात दिसला, तर तो शोभेचा समजू नये.

येथे मराठी विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न येतोच, की आपण लॅटिनो नाही, मग आपले काय? कमी उत्पन्न असूनही नैर्ऋत्य अमेरिकेतील हिस्पॅनिकांचे मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास असल्याचा विरोधाभास १९८६ मध्ये ज्यांनी सहलेखिकेसह मांडला, ते किरियाकोस मार्किडेस सायप्रसमध्ये जन्मलेले समाजशास्त्रज्ञ आहेत. विद्याशाखेचेही बंधन समजले जाते तेवढे नसते: लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लॅटिनो आरोग्य व संस्कृती केंद्राचे प्रमुख म्हणून ओळखले गेलेले डेव्हिड हेस-बाउतिस्ता यांनी एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश वर्तमानपत्रे चाळून सिंको दे मायो (५ मे) या सणाचा अमेरिकेतील उगमही शोधला. तेव्हा बाहेरच्या माणसाला जागा असते; फक्त ती कोणती, हे ओळखावे लागते.

ती ओळखण्यासाठी परिचयाची शहानिशा करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) ‘रिपोर्टर’ या खुल्या शोधयंत्रात प्रमुख संशोधकाचे नाव टाकले की चालू अनुदाने आणि त्यांच्या मुदती दिसतात. मुदत चार-सहा महिन्यांत संपत असेल, तर नव्या सहायकाची शक्यता कमीच. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या खुल्या सूचीत लेखकांची नावे पाहावीत. क्षेत्र कर्मचारी सहलेखक आहेत का, आणि विश्लेषण दर वेळी बाहेरच्या संख्याशास्त्रज्ञाकडून करून घेतले जाते का, या दोन गोष्टी तेथे उघड होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर आर किंवा स्टाटा ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर येणाऱ्याला तेथे वाव असू शकतो.

ईमेल संचालकांना न लिहिता प्रकल्प व्यवस्थापकाला लिहावा. त्यात मोबाइलवर शिकलेल्या स्पॅनिशचा उल्लेख टाळावा आणि केलेले काम नेमके सांगावे: मेळघाटातील दंत तपासणी शिबिरात किती नोंदी घेतल्या, त्या रेडकॅप या माहिती-नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या की कागदावर, अपुऱ्या नोंदींचे काय केले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, म्हणून उपलब्ध वेळ पहिल्याच ईमेलमध्ये लिहून टाकावा.